समुद्र धरतं, मग फुलपाखरू कसं सुटतं? गुरुत्वाकर्षणाच्या ताकदीवरून झालेल्या एका वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांच्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं, त्यांना इथे दादा म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वादाचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. दादा माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. उभं आयुष्य लेथवर गेलं. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना कळतं, त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. मी भौतिकशास्त्र शिकवतो. जुन्या ओळखीतल्या तीस-पस्तीस जणांचा फोनवर एक गट आहे, त्यात आम्ही दोघंही आहोत.

एका रात्री दादांनी तिथे एक चित्र टाकलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला फुलपाखरू, आणि मधे मजकूर: एवढं पाणी पृथ्वीला चिकटवून ठेवणारी शक्ती एका फुलपाखराला खाली ओढू शकत नाही, हे पटतं का? त्याखाली दादांनी स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं. "याचं उत्तर मला शाळेत कुणी दिलं नाही."

मी चित्र वाचलं आणि चिडलो. ते शेवटचं वाक्य वाचूनही वाचलं नाही. पाच-सात मिनिटांत उत्तर पाठवलं: "दादा, हे शाळेच्या पुस्तकात असतं. आणि गुरुत्वाकर्षण हे निसर्गातलं सर्वांत दुबळं बल आहे. दोन प्रोटॉनमधलं विद्युत बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या एकावर ३६ शून्यं इतके पट असतं."

दादांचं उत्तर लगेच आलं. "म्हणजे समुद्र धरायचा असेल तेव्हा बलवान, आणि फुलपाखरू उडालं की दुबळं? सोयीप्रमाणे?"

गटात सात-आठ जणांनी त्याला अंगठा दिला. पुढचे तीन दिवस मी दुवे टाकत होतो, दादा प्रश्न टाकत होते, आणि बाकीचे बघत होते.

अडचण नेमकी कुठे होती

आज मागे वळून बघताना स्पष्ट दिसतं की दादांचा आक्षेप माझ्या उत्तरावर होता आणि तो रास्त होता. "ताकद" हा एकच शब्द मी दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला होता, आणि तसं सांगितलंही नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा मूळ स्थिरांक, ज्याला आपण वर्गात मोठा जी (G) म्हणतो. तो फार लहान आहे. एक-एक किलोचे दोन गोळे मध्यापासून मध्यापर्यंत दहा सेंटिमीटर अंतरावर ठेवले, तर ते एकमेकांना जेवढं ओढतात ते बल एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाच्या वजनाएवढंही भरत नाही. या अर्थाने गुरुत्वाकर्षण दुबळं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे पृथ्वीची एकूण ओढ. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो आहे. विद्युत प्रभार धन आणि ऋण असे दोन प्रकारचे असतात, एकमेकांना खोडतात. म्हणून ते बल प्रचंड असूनही मोठ्या वस्तूंमध्ये त्याचा हिशोब जवळपास शून्यावर येतो. वस्तुमानाला उणे बाजू नाही. कणाकणाची इवलीशी ओढ नुसती साठत जाते, आणि पृथ्वीएवढा ढिगारा झाला की तिच्यापासून सुटका नसते.

हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्याऐवजी ३६ शून्यं तोंडावर फेकली. ती संख्या खरी आहे. पण विचारणाऱ्याच्या प्रश्नाशी तिचा संबंध मी जोडून दिला नाही, तेव्हा ती माहिती न राहता दरडावणी झाली.

फुलपाखराचं उत्तर तर आणखी सोपं होतं. ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात असते. समुद्रातलं अर्धा ग्रॅम पाणी घ्या आणि अर्ध्या ग्रॅमचं फुलपाखरू घ्या: दोघांवरची पृथ्वीची ओढ सारखीच, सुमारे ०.००५ न्यूटन. तेवढं पाणी बोटाच्या टोकावर सहज उचलता येतं. फुलपाखरू पंखांनी हवा खाली ढकलून तेवढाच भार उचलतं, आणि पंख थांबले की खाली येतं. समुद्राला "धरणारी" वेगळी, मोठी शक्ती अशी काही नसतेच. प्रत्येक थेंबावर त्याच्या वाट्याची ओढ आहे, इतकंच. चित्रातली सगळी करामत ही होती की संपूर्ण समुद्रावरची बेरीज एका बाजूला मांडायची आणि एका कीटकावरचा वाटा दुसऱ्या बाजूला.

समोर असलेले पर्याय

तिसऱ्या दिवशी रात्री मी फोन बाजूला ठेवला आणि काय करता येईल याचा विचार केला. गप्प बसणं सर्वांत सोपं होतं. काही जणांनी खाजगीत तसा सल्लाही दिला: "सोड रे, या वयात ते बदलणार नाहीत." मला ते पटलं नाही. दादांनी त्या तीन दिवसांत एकही शिवराळ शब्द वापरला नव्हता, आणि दर वेळी नवा प्रश्न विचारला होता. ज्याला फक्त खोड काढायची असते तो एकच वाक्य घोळवत राहतो.

गट चालवणाऱ्याला सांगून विषयच बंद करवता आला असता. त्याचा अर्थ बघणाऱ्यांनी एकच लावला असता, की उत्तर नव्हतं म्हणून तोंड बंद केलं. आणखी दुवे टाकणं हा माझा सवयीचा मार्ग. तो तीन दिवस चालवून पाहिला होता. दादा त्यावर एकच म्हणत: "ते लिहिणारा कोण, मला माहीत नाही. त्याने मोजलं ते मी पाहिलं नाही."

याच वाक्यावर मी अडलो. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याने दिलेलं माप स्वतः तपासल्याशिवाय काम पुढे नेलं नाही, तो मलाही तोच नियम लावत होता. त्यात चूक काय? मग एकच पर्याय उरला: मापच त्यांच्या हातात द्यायचं. धोका होता. मोजणी फसली असती तर माझी बाजू गटासमोर आणखी लंगडी झाली असती. तरी तोच निवडला.

काय केलं

सकाळी गटात न लिहिता दादांना फोन केला. आधी पहिल्या उत्तराबद्दल माफी मागितली. मग म्हणालो, "दादा, तुम्ही लेथवर एक दंडगोल काढाल का? आणि स्टॉपवॉच आहे ना? पृथ्वी किती जोराने ओढते ते तुम्ही मोजा. मी मधे पडत नाही."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "केवढा दंडगोल?"

साधा लंबक करायचा होता. बारीक, न ताणणारा दोरा, वर घट्ट पकड, खाली जड लोखंड. लंबकाचा दोलनकाल, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, त्याच्या लांबीवर आणि गुरुत्व त्वरणावर, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो त्यावर, ठरतो, लोखंडाच्या वजनावर नाही. लांबी आणि वेळ मोजली की गुरुत्व त्वरण काढता येतं: चार गुणिले पायचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा वर्ग. मी तीनच सूचना दिल्या. झोका लहान ठेवा, पाचेक अंशांच्या आत. घड्याळ टोकाला सुरू करू नका, लोखंड मधून जाताना करा. तिथे वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून क्षण नेमका पकडता येतो. आणि मोजणी "शून्य"पासून सुरू करा, "एक"पासून नाही, नाहीतर पन्नासच्या जागी एकोणपन्नासच झोके मोजले जातात.

दुसऱ्या दिवशी दादांनी फोटो पाठवला. साठ मिलिमीटर उंचीचा दंडगोल, दोन्ही तोंडं फेसिंग करून सपाट केलेली, वरच्या तोंडाच्या बरोबर मधे दोऱ्यासाठी बारीक भोक. शाळेच्या प्रयोगशाळेत इतका नेटका लंबक मी पाहिलेला नाही. पन्नास झोक्यांची वेळ तीनदा घेतली होती: ११०.४, १०९.८ आणि ११०.१ सेकंद. लांबी ११७ सेंटिमीटर. उत्तर आलं ९.५३ मीटर प्रति सेकंद वर्ग. खाली गटात संदेश: "पुस्तकात ९.८ लिहिलंय. माझं ९.५३ आलं. आता बोला."

इथे माझी खरी कसोटी होती. "तुमचं मोजमाप चुकलं" हे वाक्य टाइप करून झालं होतं. ते पुसलं आणि विचारलं, "दादा, लांबी कुठून कुठपर्यंत धरली?"

"पकडीपासून गाठीपर्यंत. दोरा तेवढाच आहे ना."

"झोका दोऱ्याचा आहे की लोखंडाचा?"

वीस मिनिटं काहीच आलं नाही. मग त्यांचा संदेश आला, तो अजून माझ्याकडे जपून ठेवलेला आहे: "वजन मधे आहे. म्हणजे आणखी ३० मिलिमीटर. लांबी १२० सेंटिमीटर. पुन्हा मांडतो." नवं उत्तर ९.७७.

यावर मी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरं झालं, कारण दादांनी लगेच विचारलं की उरलेला फरक कसला. त्याचं उत्तर त्यांच्याच तीन नोंदींत होतं. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळेत ०.६ सेकंदाचा फरक आहे. ११० सेकंदांत ०.३ सेकंदाची चूक धरली, तर त्वरणात जवळपास ०.०५ इकडेतिकडे होतं. शिवाय ९.८ हा आकडाही सरधोपट आहे: विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. जाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १६७२ मध्ये पॅरिसहून लंबकाचं घड्याळ विषुववृत्ताजवळच्या केयेनला नेलं, तर ते रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ बिघडलं नव्हतं, तिथली ओढच किंचित कमी होती. हा किस्सा दादांना फार आवडला. जागा बदलल्यावर मशीन पुन्हा लेव्हल करावी लागते, तसंच हे, असं ते म्हणाले.

गटातल्या एका तरुणाने मधेच मुद्दा काढला की वस्तू पडतात त्या घनतेमुळे, ओढीची गरजच काय. त्यावर मी शब्दांत फार शिरलो नाही. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडलं, पाणी भरलं, झाकण न लावता ती उंचावरून सोडली आणि फोनवर संथ गतीत चित्रित केलं. हातात असताना धार लागलेली असते. बाटली सुटली की धार तुटते, आणि खाली पोहोचेपर्यंत भोकातून पाणी बाहेर पडत नाही. घनता तीच, पाणी तेच. बदललं ते इतकंच, की बाटली आणि पाणी बरोबरीने पडत असल्यामुळे पाण्याचा भार भोकापाशी दाब देत नाही. घनता ही नुसती संख्या आहे, तिला वर-खाली कळत नाही. हलकं वर आणि जड खाली जायला आधी "खाली" ठरवणारी ओढ लागते. तो तरुण पुढे या विषयावर काही बोलला नाही. त्याला पटलं की कंटाळा आला, ते मला सांगता येणार नाही.

चंद्राचा मुद्दा

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण लंबकाचा नाही. आठवड्याभराने दादांनी लिहिलं: "सूर्य चंद्राला पृथ्वीपेक्षा दुपटीने जास्त ओढतो म्हणे. मग चंद्र सूर्याकडे का जात नाही?"

मी उत्तर दिलं, "असं काही नाही, कुणीतरी चुकीचं पसरवलंय."

पाठवलं आणि मग चैन पडेना. कागद घेऊन बसलो. सूर्याचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट. चंद्रापासून सूर्य पृथ्वीच्या मानाने सुमारे ३८९ पट दूर, त्याचा वर्ग जवळपास १,५१,०००. भागाकार २.२. दादा बरोबर होते. सूर्य खरंच चंद्राला पृथ्वीच्या दुपटीहून जास्त जोराने ओढतो. इतकी वर्षं शिकवूनही हा हिशोब मी कधी मांडला नव्हता.

संदेश गुपचूप काढून टाकता आला असता. फार जणांनी पाहिलाही नव्हता. मी तो तसाच ठेवला आणि खाली लिहिलं: "दादा, माझं चुकलं. तुमचा आकडा बरोबर आहे. हा हिशोब." कागदाचा फोटो जोडला. मग उत्तर दिलं: सूर्य चंद्राला ओढतो तसाच पृथ्वीलाही ओढतो, आणि त्या ओढीने दोघांना मिळणारं त्वरण जवळपास सारखंच असतं. दोघं मिळून सूर्याभोवती वळत राहतात. चंद्र पृथ्वीपासून तुटायचा तर सूर्याने दोघांना वेगवेगळं ओढायला हवं, आणि हा फरक जास्तीत जास्त असतो तेव्हाही पृथ्वीच्या चंद्रावरच्या ओढीच्या सुमारे नव्वदाव्या भागाइतकाच भरतो. तेवढ्याने चंद्राची कक्षा जराशी डुचमळते, चंद्र निसटत नाही.

त्या दिवसापासून दादांच्या बोलण्याचा सूर बदलला. तोवर मी टाकलेल्या प्रत्येक दुव्याला जे जमलं नव्हतं, ते त्या "माझं चुकलं"ने केलं.

निष्पत्ती

दादांनी सगळं मान्य केलं असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पृथ्वी ओढते, ती ओढ मोजता येते, आणि ती किती आहे, हे त्यांनी मानलं. स्वतः मोजलं होतं. समुद्र-फुलपाखराचं चित्र दुसऱ्या कुणीतरी पुन्हा टाकलं, तेव्हा अर्ध्या ग्रॅमचा हिशोब दादांनीच लिहिला, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. पण वस्तुमान हेच ओढीचं कारण, कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना ओढतात, हे त्यांना अजून पटलेलं नाही. "पृथ्वी ओढते हे पाहिलं. लोखंडाचा गोळा ओढतो हे कुठे पाहिलं?"

प्रश्न बिनतोड आहे. त्याचं उत्तर १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने प्रसिद्ध केलं. उपकरणाची मूळ कल्पना जॉन मिशेलची. तो प्रयोग करण्याआधीच वारला. सुमारे १.८ मीटर लांबीचा आडवा दांडा तारेने टांगलेला, त्याच्या टोकांना शिशाचे लहान गोळे, आणि जवळ आणलेले प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे मोठे गोळे. ओढ किती? वाळूच्या एका बारीक कणाच्या वजनाएवढी. माणसाच्या अंगाच्या उबेने हवा हलू नये म्हणून कॅव्हेंडिश खोलीबाहेरून दुर्बिणीतून नोंदी घ्यायचा. त्यातून त्याने पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट काढली. आजचा आकडा ५.५१ आहे. आणि २०२१ मध्ये व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांच्या गटाने जेमतेम ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळ्याची ओढ मोजून दाखवली. दादांनी हे मन लावून वाचलं आणि म्हणाले, "आपण करू."

पुन्हा वेळ आली तर

पहिलं उत्तर सात मिनिटांत देणार नाही. चित्राखालचं वाक्य आधी वाचेन. ज्याला शाळेत उत्तर मिळालं नाही त्याला "शाळेच्या पुस्तकात असतं" असं सांगणं ही माझी सर्वांत मोठी चूक, आणि ती विज्ञानाची नव्हती. "ताकद" कुणी म्हटलं की आधी विचारेन: कशाची, किती वस्तुमानावर, किती अंतरावरून?

फोन पहिल्याच दिवशी करायला हवा होता का, यावर माझं मत पक्कं नाही. तीन दिवसांचा वाद सगळ्यांसमोर झाला म्हणूनच लंबकाचे आकडेही सगळ्यांनी पाहिले. दोघांतच मिटवलं असतं तर दादांच्या उत्तराला अंगठा देणारे सात-आठ जण तिथेच राहिले असते.

एका बाबतीत मी आणि दादा अजून वेगळ्या मताचे आहोत. कॅव्हेंडिशचा प्रयोग घरी करू नये असं माझं म्हणणं होतं. हवेची झुळूक, स्थिर विद्युत, तारेतला उरलेला पीळ, यांपैकी काहीही त्या इवल्या ओढीला गिळून टाकतं, आणि फसलेला प्रयोग उलट बाजूचा पुरावा म्हणून फिरतो. दादांनी ऐकलं नाही. दांडा टांगला, भोवती काचेची पेटी केली. महिनाभर तो दांडा मनाला येईल तसा फिरत राहिला. गोळे जवळ आणले काय, दूर नेले काय, फरक दिसेना. "ओढ नाही" असं ते लिहितील या भीतीत मी होतो. त्यांनी गटात लिहिलं ते असं: "अजून काही कळत नाही. पेटीत हवा शिरते आहे आणि तार जाड आहे. बारीक तार मिळाली की पुन्हा लावतो."